सरासरीत काय काय मावतं

एप्रिलच्या मध्यावर भारतीय हवामान खातं एक आकडा जाहीर करतं: यंदाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या अमुक टक्के. २०२५ साली तो आकडा १०५ होता. त्या दुपारपासून वाहिन्यांवर बळीराजाच्या आनंदाच्या पट्ट्या फिरू लागल्या, अर्थतज्ज्ञ महागाई उतरेल म्हणाले, बियाणांच्या दुकानदारांनी मागणी वाढवली. सरासरीपेक्षा जास्त पाऊस म्हणजे चांगलं वर्ष, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं.

मग सप्टेंबर आला. सीना नदीला पूर आला, धाराशिव, बीड, सोलापूर, लातूर, नांदेड या पट्ट्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. काढणीला आलेलं सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. नदीकाठच्या कित्येक शेतांत तर पीक गेलं एवढंच नाही, जमीनच खरवडून गेली. वरची काळी माती वाहून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. तसली माती पुन्हा साठायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. महिना संपला, हंगामाची बेरीज झाली, देशाचा पाऊस १०८ टक्के भरला.

म्हणजे अंदाज बरोबर आला होता. १०५ आणि १०८ यांत अंतर ते काय? शास्त्र म्हणून पाहिलं तर अभिमान वाटावा असं काम होतं. आणि तरीही एप्रिलमध्ये लोकांच्या मनात जे चित्र उभं राहिलं, त्याचा सप्टेंबरशी काही संबंध नव्हता. हे कसं होतं, याचा मी बरीच वर्षं विचार करते आहे, कारण या गोष्टीच्या दोन्ही टोकांना माझी माणसं आहेत.

मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवते. माझे काही विद्यार्थी हवामानाच्या संशोधनात गेले, पाषाणच्या संस्थेत रात्र रात्र बसून प्रारूपं, म्हणजे संगणकावरची हवामानाची गणितं, चालवणारी मुलं मला माहीत आहेत. आणि माझ्या मामांची शेती अंबाजोगाईकडे आहे. सोयाबीन, तूर, विहिरीला पाणी राहिलं तर हरभरा. मे संपत आला की मामांचा फोन येतो. "पोरी, पुणं काय म्हणतंय? पेरावं का थांबावं?" मामांच्या बोलण्यात पुणं म्हणजे हवामान खातं. त्यालाही कारण आहे. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचं काम पुण्यातच राहिलं. शेतीसाठी हवामानशास्त्राचा वेगळा विभागही इथेच, १९३२ साली, एल. ए. रामदास यांच्या हाताखाली सुरू झाला.

मामांचा प्रश्न 'कधी' असा आहे. एप्रिलचा आकडा 'किती' याचं उत्तर देतो, तेही अख्ख्या देशाचं, चार महिन्यांचं मिळून.

त्या १०५च्या आत काय आहे ते जरा उघडून पाहू. सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, जून ते सप्टेंबरची, देशभराची: ८७ सेंटिमीटर. १०५ टक्क्यांना अधिक-उणे ५ टक्क्यांची त्रुटी जोडलेली असते, म्हणजे १०० ते ११० यांतलं काहीही त्यात बसतं. शिवाय शक्यता सांगितलेल्या असतात. २०२५च्या एप्रिलमध्ये सरासरीपेक्षा जास्त किंवा अतिरिक्त पाऊस होण्याची शक्यता मिळून ५९ टक्के होती. याचा अर्थ असा पाऊस न होण्याची शक्यता ४१ टक्के होती. हे लपवलेलं नव्हतं. पत्रकात छापलेलं होतं, कोणीही वाचावं असं. पण पत्रकाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत एक आकडा आणि 'सरासरीपेक्षा जास्त' असं एका गटाचं नाव येतं. बातमीदार तेवढंच उचलतो. वाहिनी बातमीदाराचंही अर्धं करते. गावात पोचेपर्यंत 'यंदा पाऊस चांगला' इतकंच उरतं.

दोष माध्यमांचा आहे असं म्हणून शास्त्रज्ञांना मोकळं होता येईल. मला ते पटत नाही. पहिलं वाक्य कोणतं लिहायचं हा निर्णय शास्त्रज्ञांचा असतो. जे वाक्य एकटंच पुढे जाणार आहे हे दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो, त्या वाक्यात अनिश्चितता नसेल तर ती पुढे कुठूनही येणार नाही.

सरासरीने काय झाकलं जातं याचं मला सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण २०२३चं आहे. त्या वर्षी देशाचा पाऊस ९४ टक्के झाला. सहा टक्के तूट, म्हणजे फार काही बिघडलं नाही असं वाटावं. महिने सुटे करून पाहा. जून ९१ टक्के, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर पुन्हा ११३. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलोऱ्यात असतं, शेंगा धरत असतात. त्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण पडला की नंतर सप्टेंबरने कितीही भरपाई केली तरी रिकाम्या शेंगेत दाणा येत नाही. हंगामाच्या बेरजेत सप्टेंबरचं पाणी ऑगस्टच्या खड्ड्यात ओतलं जातं आणि हिशेब जुळतो. शेतात तो जुळत नाही. त्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात अंबाजोगाईही होतं. मामांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये फोन केला नाही. विचारण्यासारखं काही नव्हतं.

जे महिन्यांचं तेच जागेचं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. एका शहरात एवढा फरक, तर मराठवाड्याला कोकणाच्या सरासरीत मिसळून काय कळणार?

या सगळ्याला जुना इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला तर शास्त्रज्ञांच्या मनातली भीती समजते. खातं १८७५ साली स्थापन झालं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना दिसलं की हिमालयात बर्फ जास्त पडलं की पुढचा मोसमी पाऊस दुबळा पडतो, आणि १८८६ पासून त्यांनी हंगामाचा अंदाज देणं सुरू केलं. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांचे अंदाज लांबलचक आणि ठाम असत. १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाचं भाकीत केलं आणि त्या वर्षी पाऊस पळाला. तोच तो छप्पनचा (विक्रम संवत १९५६चा) दुष्काळ, ज्यात गुजरात, राजस्थान, मध्य भारत आणि आपल्याकडचा मोठा भाग होरपळला. टीका इतकी झाली की पुढची काही वर्षं अंदाज लोकांना सांगणंच बंद केलं गेलं, तो फक्त सरकारपुरता गोपनीय ठेवला गेला.

मग आले गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचे गणिती. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडून प्रशांत महासागरावरच्या दाबाचा तो मोठा झोका शोधला, ज्याला आज आपण एल निनोशी जोडतो. मला वॉकर आवडतात ते दुसऱ्या गोष्टीसाठी. संबंध किती घट्ट आहे हे गुणांकात मोजल्याशिवाय ते बोलत नसत, आणि पुरावा पुरेसा नसेल त्या वर्षी, त्या भागासाठी अंदाज देऊ नये असं त्यांचं मत होतं. अंदाज न देणं हाही शास्त्रीय निकाल असतो, हे त्यांनी खुर्चीवर बसून पाळलं.

पुढे १९८८ साली शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं प्रारूप आलं. आमच्या घरात तेव्हा गोवारीकरांचं नाव मोठ्या आदराने घेतलं जाई. पुण्याच्या माणसाने पाऊस ओळखला, असं लोक म्हणत. लागोपाठ वर्षं अंदाज 'बरोबर' येत गेले. पण त्या काळात सरासरीच्या ९० ते ११० टक्के हे सगळं 'सामान्य' मानलं जाई. देशाचा मोसमी पाऊस वर्षावर्षाला साधारण दहा टक्क्यांनी वरखाली होतो, तेव्हा बहुतेक वर्षं त्या पट्ट्यात आपोआप पडतात. आणि १९८८ ते २००१ या काळात देशपातळीवर एकही दुष्काळी वर्ष आलं नाही. दरवर्षी डोळे मिटून 'सामान्य' म्हणणाराही बहुतेकदा खरा ठरला असता. प्रारूपात काही तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही, त्यामागचं काम गंभीर होतं. पण त्याची कसोटी लागलीच नव्हती, आणि ही गोष्ट लोकांना कोणी सांगितली नाही. २००२ साली १०१ टक्क्यांचा अंदाज होता. जुलैत सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला, हंगाम ८१ टक्क्यांवर थांबला. दुसऱ्या वर्षी प्रारूप बदललं, अंदाज दोन टप्प्यांत द्यायचं ठरलं. २००९ साली पुन्हा तेच झालं: एप्रिलमध्ये ९६, प्रत्यक्षात ७८.

चुका होणारच. महासागर, वारे, ढग यांचं हे गणित पृथ्वीवरच्या सर्वांत अवघड गणितांपैकी आहे. मला खुपतं ते दुसरंच. प्रत्येक चुकीनंतर प्रारूप सुधारलं, संगणक मोठा झाला, पण पहिलं वाक्य तसंच राहिलं.

अमेरिकेतलं एक प्रकरण मी वर्गात नेहमी सांगते. नॉर्थ डकोटातलं ग्रँड फोर्क्स शहर रेड नदीच्या काठी वसलं आहे. १९९७च्या वसंतात बर्फ वितळून पूर येणार हे दिसत होतं, आणि तिथल्या हवामान सेवेने नदीची सर्वोच्च पातळी ४९ फूट सांगितली. शहराने त्या आकड्यावर थोडे फूट चढवून बंधारे उंचावले. पाणी ५४ फुटांच्या वर गेलं. जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं, नुकसान अब्जावधी डॉलरच्या घरात गेलं. पाच फुटांची चूक त्या प्रकारच्या अंदाजांत अनपेक्षित नव्हती, आधीच्या वर्षांच्या नोंदी तेच सांगत होत्या. पण लोकांच्या हाती ४९ हा एकटा आकडा होता, फुटासह, जणू मोजून आणलेला. 'चाळीस ते अठ्ठावन्न फूट यांतलं काहीही होऊ शकतं' असं सांगितलं असतं तर लोक हसले असते कदाचित. पण बंधारा किती उंच बांधायचा हे त्यांनी वेगळं ठरवलं असतं.

इकडे आपल्या रोजच्या अंदाजाचं उलट आहे. तिथे शब्द फार मोजके आणि काटेकोर आहेत, पण ते काटेकोर आहेत हे कोणाला ठाऊक नाही. आकाशवाणीवर आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो: कोकण-गोव्यात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी. ऐकणाऱ्याला वाटतं, अंगाशी येऊ नये म्हणून हे असं बोलतात. खरं तर प्रत्येक शब्दामागे संख्या आहे. 'तुरळक' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के, 'काही' म्हणजे पन्नासपर्यंत, 'बहुतांश' म्हणजे पंचाहत्तरच्या वर. आणि पाऊस झाला असं केव्हा म्हणायचं, तर निदान अडीच मिलिमीटर पडला तर. अडीच मिलिमीटरने मामांच्या शेतातली धूळही नीट बसत नाही. पेरणी करायची तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन, ओल खोल जाऊन वाफसा यावा लागतो. अंदाजकर्त्याच्या वहीत जो दिवस 'पाऊस झाला, अंदाज बरोबर' असा लिहिला जातो, तोच दिवस शेतकऱ्याच्या लेखी कोरडा असतो. दोघेही खरं बोलतात. म्हणून तर भांडण मिटत नाही.

ते भांडण एकदा पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली, की चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरलं आणि बियाणं-खतं वाया गेली. पुण्यातल्या अनेकांनी ती बातमी हसण्यावारी नेली. मामांच्या घरी कोणी हसलं नाही. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याने पाहिलं आहे त्याला हसू येणार नाही. एकदा सावकाराचं काढलेलं, दुसऱ्यांदा कोणाकडे मागायचं?

शास्त्रज्ञांशी या विषयावर बोललं की एक उत्तर हटकून मिळतं: शक्यता लोकांना समजत नाहीत, त्यांना हो किंवा नाही हवं असतं. मोठमोठी विचारी माणसं हे म्हणतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. कोणत्याही बाजार समितीच्या दरांची पट्टी बघा. सोयाबीन: किमान इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका. मामा रोज ती तीन आकड्यांची ओळ वाचतात आणि ठरवतात की आज माल न्यायचा की थप्पी लावून ठेवायचा. सर्वसाधारण दर आपल्याला मिळेलच असं त्यांनी कधी मानलं नाही. आपल्या मालात ओलावा किती, माती किती, आवक किती झाली असेल, याचा अदमास घेऊन ते त्या तीन आकड्यांत स्वतःची जागा शोधतात. ज्या माणसाला हे जमतं त्याला '९० ते ९५ होण्याची शक्यता दहात एक' हे कळणार नाही, असं कसं म्हणता येईल? शेतकरी सोयाबीनमध्ये तुरीची ओळ टाकतो, ती कशासाठी? एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून. अनिश्चिततेत जगण्याचं शास्त्र त्याच्याकडे आपल्यापेक्षा जुनं आहे.

दुसरा युक्तिवाद जास्त खरा आहे. ठाम बोलणारे आजूबाजूला पुष्कळ आहेत. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या पहाटे भाकीत ऐकायला लांबलांबून माणसं येतात. आता मोबाइलवर तारीखवार पाऊस सांगणारेही आले. या गर्दीत शास्त्रज्ञ जर 'साठ टक्के शक्यता' म्हणाला तर त्याचं कोण ऐकणार, अशी धास्ती असते. मला ती समजते. पण त्या ठामपणाशी ठामपणाने स्पर्धा केली तर शास्त्रज्ञाकडे वेगळं काय उरलं? त्याच्याजवळ असलेली आणि बाकी कोणाजवळ नसलेली एकच गोष्ट म्हणजे आपण किती वेळा चुकतो याची लिहून ठेवलेली नोंद. तीच तो आत कपाटात ठेवतो.

खात्याने अलीकडे बरंच बदललं आहे, ते सांगायला हवं. २०२१ पासून महिन्यांचे आणि विभागांचे अंदाज येतात, शक्यतांचे नकाशे येतात. त्या नकाशांवर निळा रंग जास्त पावसाकडे झुकणारा, तांबूस-पिवळा कमीकडे. आणि जमिनीवर काही ठिकाणी पांढरा रंग असतो. पांढरा म्हणजे तिथे तिन्ही शक्यता सारख्याच, म्हणजे प्रारूपाला त्या भागाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मला त्या नकाशातला तो पांढरा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पण बातम्यांमध्ये नकाशा दाखवताना त्याबद्दल अवाक्षर निघत नाही. मराठवाडा पांढरा असेल त्या वर्षी 'मराठवाड्याबद्दल आम्हाला सांगता येत नाही, तुमचा नेहमीचा सावधपणा ठेवा' हे वाक्य पत्रकार परिषदेत कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

आणि २०२५ साली एक गोष्ट घडली जिच्यामुळे मला उमेद वाटते. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत येऊन थडकला, मुंबईसाठी नोंदींतली सर्वांत लवकरची तारीख. सगळीकडे पाऊस आला, पाऊस आला झालं. मग तो थबकला, जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. त्याच खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या काही भागांसाठी वेगळा अंदाज तयार करून घेतला होता, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांवरून. तो पावणेचार कोटींहून जास्त शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला गेला, मराठीतही. त्यात देशाचा पाऊस किती हे नव्हतं. तुमच्या भागात सलग पाऊस केव्हा सुरू होण्याची शक्यता आहे, हे होतं, चार आठवडे आधी. मधल्या खंडाची चाहूलही त्यात होती. नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये फोन करून विचारलं तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी आपण पेरणीचे निर्णय बदलल्याचं सांगितलं. मामा दर मे महिन्यात जे विचारतात तोच प्रश्न कोणीतरी आधी ऐकला, आणि मग त्यावरून गणित मांडलं.

एप्रिलचं पत्रक बंद करा असं माझं म्हणणं नाही. धान्याची कोठारं, वीज, धरणं यांचं नियोजन देशपातळीवर होतं, तिथे तो आकडा लागतो. पण त्याच्या पहिल्या पानावर आणखी दोन ओळी हव्यात. एक, हा आकडा देशाचा आहे, यावरून आपल्या तालुक्याची पेरणी ठरवू नये. दुसरी ओळ मागच्या दहा वर्षांची: एप्रिलमध्ये आम्ही काय म्हणालो आणि सप्टेंबरअखेर काय झालं, शेजारी शेजारी, किमान-कमाल-सर्वसाधारण या दरांसारखी. माझे जे विद्यार्थी सिमला ऑफिसात काम करतात त्यांना मी हे सांगितलं आहे. त्यातल्या एकीने विचारलं, की दहा वर्षांच्या ऐवजी २००२ आणि २००९ पण आत येतील एवढी लांब यादी दिली तर चालेल का. मी म्हटलं, तीच द्या.